विचारपूस आणि सोबत : सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटकारकिर्दीचा चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

मराठी चित्रपटसमीक्षेत सुमित्रा भावे (१९४३–२०२१) आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाचा उल्लेख आदराने केला जातो. मात्र हा उल्लेख बहुतेक वेळा विषयांच्या यादीचे रूप घेतो. ‘देवराई’ स्किझोफ्रेनियावरचा, ‘नितळ’ कोडावरचा, ‘एक कप च्या’ माहितीच्या अधिकारावरचा, ‘अस्तु’ स्मृतिभ्रंशावरचा आणि ‘कासव’ नैराश्यावरचा चित्रपट, अशी वर्गवारी एकदा झाली की समीक्षेचे कार्य संपले असे मानले जाते. एखादी कादंबरी क्षयरोगावर आहे एवढे सांगून साहित्याचा समीक्षक थांबत नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र तो सहज थांबतो. या सवयीमुळे सुमारे साडेतीन दशकांच्या एका सलग कलाव्यवहाराकडे आपण सुट्या सुट्या जनजागृतीपटांची मालिका म्हणून पाहत आलो आहोत.

प्रस्तुत लेखामागे वर्गातील एक अनुभव आहे. हाटकेश परिसरात राहणारे अनेक विद्यार्थी लेखिकेच्या वर्गात असतात. कोणाचे वडील उद्योगनगरातील गाळ्यात कामाला, तर कोणाची आई घरी शिलाई करणारी. घरची भाषा मराठी असलेले निम्मेही नसतात. या वर्गाबरोबर ‘कासव’ पाहिल्यानंतर चर्चेत पहिला प्रश्न आला, “मॅडम, पण त्या मुलाला नक्की झालं काय होतं?” दुसऱ्या विद्यार्थिनीने त्याला उत्तर दिले, “तिने तरी कुठे विचारलं?” या दोन वाक्यांनी लेखिकेला जी दिशा दाखवली, तिचाच शोध पुढे घेतला आहे. या दिग्दर्शकांच्या कारकिर्दीत प्रश्न विचारण्याची क्रिया कशी बदलत गेली, त्या बदलातून त्यांच्या चित्रपटाचे रूप कसे घडले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, एवढीच या लेखाची व्याप्ती आहे.

स्वातंत्र्य : कोणाचे आणि कशापासून?

‘स्वतंत्र चित्रपट’ ही संज्ञा आपल्याकडे सैलपणे वापरली जाते. निर्मितिसंस्थांच्या चौकटीबाहेर, प्रसिद्ध नटांच्या वलयाविना आणि कमी खर्चात केलेला चित्रपट, असा तिचा साधारण अर्थ घेता येईल. परंतु चित्रपटाला पैसा लागतोच. त्यामुळे एका ठिकाणची मोकळीक दुसऱ्या ठिकाणच्या बांधिलकीतून मिळवावी लागते.

यासंदर्भात जपानी दिग्दर्शक कानेतो शिंदो (१९१२–२०१२) यांचे उदाहरण उद्बोधक ठरते. मोठ्या स्टुडिओतून बाहेर पडून त्यांनी १९५० मध्ये सहकाऱ्यांसह ‘किंदाई एइगा क्योकाई’ ही स्वतंत्र निर्मितिसंस्था स्थापन केली. हिरोशिमावरील त्यांचा १९५२ चा चित्रपट जपानच्या शिक्षक संघटनेने करवून घेतला होता. त्या चित्रपटाने संघटनेचे समाधान झाले नाही आणि तिने त्याच विषयावर दुसऱ्या दिग्दर्शकाकडून वेगळा चित्रपट करवून घेतला. विषयाचा कैवार घेणाऱ्या संस्थेला विषय ठळकपणे मांडलेला हवा असतो, तर दिग्दर्शकाला माणूस दिसत असतो. हा ताण तेथे उघड झाला. पुढे १९६० मध्ये मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन शिंदो एका लहानशा बेटावर गेले आणि रोज पाणी वाहून आणणाऱ्या एका कुटुंबावर त्यांनी जवळजवळ संवादविरहित चित्रपट केला. १९६१ च्या मॉस्को महोत्सवात त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला. वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीही ते चित्रपट करीत होते.

भावे–सुकथनकर यांच्यावर शिंदो यांचा प्रभाव होता असा दावा येथे करावयाचा नाही. साम्य आहे ते परिस्थितीचे. ‘विचित्र निर्मिती’ या नावाने काम करणाऱ्या या जोडीलाही पैसा उभा करण्यासाठी वेळोवेळी सामाजिक संस्था, न्यास, शासकीय यंत्रणा आणि विषयाची तळमळ असलेल्या व्यक्ती यांच्याकडे जावे लागले. ‘दोघी’ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या साहाय्याने झाला. ‘नितळ’मागे कोड असलेल्या व्यक्तींसाठी पुण्यात काम करणाऱ्या श्वेता असोसिएशनची प्रेरणा होती. बाजाराच्या मागण्यांपासून सुटका झाली, पण त्याबरोबर ‘विषय’ नावाचे दुसरे ओझे आले. या ओझ्याखाली चित्रपट कोठे वाकतो आणि कोठे ताठ उभा राहतो, ही या कारकिर्दीच्या अभ्यासातील मध्यवर्ती समस्या आहे.

संशोधनातून चित्रपटाकडे

सुमित्रा भावे यांचे शिक्षण राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि समाजकार्य या विषयांचे. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. झोपडवस्तीतील स्त्रियांच्या जीवनाविषयी ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पात संशोधन करीत असताना त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. ज्या स्त्रियांनी आपली आयुष्ये उलगडून सांगितली, त्यांपैकी अनेकींना वाचता येत नव्हते. त्यांच्याविषयीचा अहवाल त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. या अडचणीतून ‘बाई’ (१९८५) हा लघुपट निर्माण झाला. त्यानंतर ‘पाणी’ (१९८७) आला. दोन्ही लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे भावे यांनी सिद्ध केलेले पुस्तकही १९८८ मध्ये गेल ऑम्वेट यांच्या इंग्रजी अनुवादातून प्रसिद्ध झाले.

हा प्रारंभ लक्षात घेणे आवश्यक आहे. चित्रपटाचे शिक्षण न घेता भावे या माध्यमात आल्या, त्या संशोधनाचे ऋण फेडण्यासाठी. ज्याच्याकडून माहिती घेतली त्याला ती परत द्यावयाची, हा संशोधनाच्या नीतीचा प्रश्न होता आणि चित्रपट हे त्याचे उत्तर होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाचे शिक्षण घेतलेले सुनील सुकथनकर या कामात सहभागी झाले आणि माध्यमाची जाण व समाजसंशोधनाची शिस्त यांची दीर्घकाळ टिकलेली भागीदारी सुरू झाली. पटकथा, संवाद, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा या बाजू बहुधा भावे सांभाळत, तर अनेक चित्रपटांची गीते सुकथनकर यांनी लिहिली. सुताराचे, रंगाऱ्याचे, शिंप्याचे काम जेथे लेखिका-दिग्दर्शिकेच्या नजरेखालून जाते, तेथे घरातील भांडे, पातळाचा पोत, भिंतीचा उडालेला रंग हे तपशील केवळ सजावट उरत नाहीत. क्षेत्रीय टिपणवहीतील नोंदींसारखे ते पडद्यावर येतात. या चित्रपटांतील घरे खरी वाटतात, त्यामागे हे कारण आहे.

प्रश्न विचारणारे चित्रपट

‘दोघी’ (१९९५) या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटापासून ‘दहावी फ’ (२००२) पर्यंतच्या टप्प्याला प्रश्न विचारणाऱ्या चित्रपटांचा टप्पा म्हणता येईल. ‘दोघी’मध्ये लग्नाच्या दिवशीच नवरा मुलगा अपघातात दगावतो आणि गौरीवर (रेणुका दफ्तरदार) पांढऱ्या पायाची म्हणून शिक्का बसतो. घरच्या दारिद्र्यात तिला मुंबईला पाठवले जाते. तेथून येणाऱ्या देहविक्रयाच्या पैशावर घर जगते आणि तेच घर तिला परत आत घ्यायला कचरते. धाकटी बहीण कृष्णा (सोनाली कुलकर्णी) येथे प्रश्न विचारण्याचे काम करते, तर आई (उत्तरा बावकर) उत्तर टाळण्याचे. पैसा चालतो, मग मुलगी का चालत नाही, हा प्रश्न चित्रपटभर घरात वावरत राहतो. बावकर यांनी साकारलेली आई खलनायिका होत नाही, हे या चित्रपटाचे यश आहे. ती भुकेची आणि अब्रूची एकाच वेळी बांधील आहे, हे तिच्या वळवलेल्या चेहऱ्यातून कळते.

‘वास्तुपुरुष’ (२००२) मध्ये प्रश्न व्यक्तीकडून वास्तूकडे जातो. जमीन गेलेल्या, वाडा उरलेल्या एका देशपांडे कुटुंबातील आई आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून झटते. पूर्वजांच्या अन्यायाची परतफेड मुलाच्या सेवेतून व्हावी, हा तिचा ध्यास आहे. घरातलाच एक जण मात्र वाड्यात पुरलेले धन मिळेल या आशेने खणत राहतो. एका घरात दोन उत्खनने चालू आहेत : एक धनाचे, दुसरे पापाचे. विषयाच्या चौकटीत न बसणारा, म्हणूनच या दिग्दर्शकांच्या शक्तीचा पुरेपूर प्रत्यय देणारा हा चित्रपट आहे. पन्नासाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

त्याच वर्षीच्या ‘दहावी फ’मध्ये शेवटच्या तुकडीत टाकलेल्या मुलांनी शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड केली आहे. देशमुख सर (अतुल कुलकर्णी) त्यांच्या रागाचे कारण शोधतात आणि श्रम करून नुकसान भरून देण्याचा मार्ग दाखवतात. प्रश्न आहे, त्याचे उत्तरही आहे, आणि उत्तर देणारा शिक्षक मध्यभागी आहे. चित्रपट प्रेक्षकाला समाधान देऊन घरी पाठवतो. आपण प्राध्यापक मंडळी या चित्रपटावर विशेष प्रेम करतो, त्यात आत्मप्रीतीचा अंश नाही ना, हे तपासून पाहावयास हवे.

उत्तराकडून सोबतीकडे

२००४ मधील ‘देवराई’ हे या कारकिर्दीचे वळण आहे. शेष (अतुल कुलकर्णी) कोकणातील देवराईत जीव गुंतलेला, बुद्धिमान आणि हळूहळू वास्तवापासून सुटत चाललेला तरुण. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला शहरात आपल्या घरी आणते. वरवर पाहता रचना जुनीच आहे : समस्या, तज्ज्ञ डॉक्टर, उपचार, कुटुंबाचे प्रबोधन. परंतु येथे प्रथमच उत्तर अपुरे पडते. औषध मिळते, पण शेष पूर्वीसारखा होत नाही, होणारही नाही. उरतो तो प्रश्न बहिणीचा : जो बरा होणार नाही त्याच्याबरोबर राहायचे कसे? या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनाच्या विभागात. देवराई आणि मन यांचे नाते परीक्षकांना जाणवले, हे खरेच. तरीही मनोरुग्णाच्या बहिणीची ही कथा कोणत्या खणात ठेवावी, हे आपल्या वर्गवारीला ठरवता आले नाही, हेही त्यातून दिसते. कलाकृती खणात मावत नसेल तर खण बदलावा लागतो.

‘अस्तु’ (२०१३, चित्रपटगृहांत २०१६) मध्ये हा विचार पुढे जातो. संस्कृतचे व्यासंगी पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) स्मृती गमावत आहेत. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीत बसवून क्षणभर बाजारात जाते. तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीच्या ओढीने ते गाडीतून उतरतात आणि हरवतात. माहुताची बायको चन्ना (अमृता सुभाष) त्यांना आश्रय देते. येथे दोन प्रकारचे प्रेम समोरासमोर ठेवले आहे. इराला वडिलांनी आपल्याला ओळखावे असे वाटते. ओळख पुसली जाणे हेच तिचे दुःख. चन्नाला हा म्हातारा कोण, याचा पत्ताच नाही आणि तो न लागल्याने तिचे काही अडत नाही. लहान मुलाला भरवावे तसे ती त्याला भरवते आणि त्याला तिच्यात आई दिसू लागते. ज्ञानाचा डोंगर उभा केलेल्या माणसाला शेवटी हात हवा असतो, तो भाषेच्या पलीकडचा. संवादांसाठी भावे यांना आणि सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. संवादांचा पुरस्कार ज्या चित्रपटाला मिळाला, त्यात शब्द सुटत जाण्याची कथा आहे, ही गोष्ट विसरता येणार नाही.

‘कासव’ (२०१६) हा या वाटचालीचा कळस. स्वतः नैराश्यातून सावरत असलेली जानकी (इरावती हर्षे) आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका तरुणाला (आलोक राजवाडे) आपल्या कोकणातील घरी आणते. ती त्याची चौकशी करीत नाही. खोली देते, जेवण ठेवते, दार उघडे ठेवते. समुद्रकाठी दत्ताभाऊ (मोहन आगाशे) कासवांच्या अंड्यांचे संरक्षण करीत असतात. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे, ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम या शतकाच्या प्रारंभापासून चालू आहे. अंडी कुंपणात राखली जातात. पिल्ले बाहेर आली की वाळूवर सोडली जातात आणि समुद्रापर्यंतचे अंतर त्यांचे त्यांनीच कापायचे असते. राखणदाराने पहारा द्यावा, पण उचलून पाण्यात टाकू नये. या साध्या कार्यपद्धतीतून चित्रपटाला त्याची नीती सापडली आहे. चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कासव’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट.

प्रारंभीच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा अर्थ येथे स्पष्ट होतो. ज्या दिग्दर्शिकेने संशोधक म्हणून इतरांना प्रश्न विचारून आपल्या कामाला आरंभ केला, तिच्या परिपक्व कृतीत काळजी घेण्याचे पहिले लक्षण म्हणजे प्रश्न न विचारणे. मराठीत ‘विचारपूस’ हा शब्द आपुलकीचा आहे, पण त्यात विचारणाऱ्याचा अधिकारही दडलेला आहे. दुःखिताने आपले दुःख सांगितल्याशिवाय त्याला मदत मिळत नाही, असा आपल्या संस्थांचा, कचेऱ्यांचा आणि पुष्कळदा महाविद्यालयांचाही रिवाज आहे. ‘कासव’ तो नाकारतो. द. बा. मोकाशी यांच्या कथेवर आधारलेला, भावे यांच्या निधनानंतर मे २०२१ मध्ये ओटीटी मंचावर प्रदर्शित झालेला ‘दिठी’ याच वाटेवर उभा आहे. पुत्रशोकाने कोसळलेल्या वारकरी रामजीला (किशोर कदम) ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. अडलेल्या गाईला सोडवण्यासाठी त्याला बोलावले जाते, आणि ते काम त्याला पुन्हा जगाशी जोडते.

मर्यादा

या कारकिर्दीचा गौरव करताना तीन आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप बोलकेपणाचा. विषयाचे ओझे जेथे जड होते, तेथे पात्रे प्रेक्षकांना समजावून सांगू लागतात. ‘देवराई’तील आजाराचे स्पष्टीकरण, ‘एक कप च्या’मधील कायद्याची माहिती हे भाग उपयुक्त आहेत, पण ते ऐकताना पडद्यावरचा माणूस क्षणभर थांबून व्याख्यान देतो आहे असे वाटते. शिंदो यांनी बेटावर शब्दच काढून टाकले होते. भावे–सुकथनकर यांची प्रकृती निराळी, संवाद हेच त्यांचे बळ. तरी त्यांचे सर्वोत्तम क्षण शब्द मागे सरतात तेथेच आले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चन्नासारखी निरक्षर, श्रमिक स्त्री निसर्गतःच शहाणी आणि मायाळू दाखवली जाते, तर सुशिक्षित स्त्रीला अपराधभाव आणि द्विधा मन लाभते. आत्मसंघर्ष हा अशा रीतीने मध्यमवर्गाचा राखीव हक्क होतो. ‘बाई’मध्ये जी स्त्री स्वतःच्या आयुष्याची निवेदक होती, ती पुढे दुसऱ्याच्या दुःखावरचे औषध होऊन राहते का, हा प्रश्न अनुत्तरित आहे.

तिसरा आक्षेप लेखिकेच्या वर्गातूनच आला. न विचारता सोबत करायला जानकीकडे समुद्राकाठचे घर आहे, गाडी आहे, मदतीला माणसे आहेत आणि वेळ आहे. चर्चेच्या अखेरीस एक विद्यार्थी म्हणाला, “आमच्या एका खोलीत पाच माणसं. कोणाला एकटं राहू द्यायचं म्हटलं तर बाकीच्यांनी जायचं कुठे?” हाटकेशमधील वस्तीत उभे राहून विचारलेला हा प्रश्न चित्रपटाला खोटे ठरवत नाही; पण सोबतीलाही जागा लागते आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही, याची आठवण देतो. विशेष म्हणजे तोच विद्यार्थी पुढे म्हणाला की, घरात कोणी गप्प असेल तर आता तो निदान ‘काय झालं’ म्हणून पिच्छा पुरवणार नाही. चित्रपटाची टीका आणि चित्रपटाचा स्वीकार एकाच तोंडून आला. याहून प्रामाणिक समीक्षा लेखिकेने अन्यत्र क्वचितच ऐकली आहे.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे चित्रपट विषयांनुसार वाटून घेतले असता त्यांतील वाढ दिसत नाही. ते सलग वाचले असता समस्येकडून सोबतीकडे गेलेला एक प्रवास दिसतो. त्यांचे स्वातंत्र्य बाजाराला दिलेल्या नकारापुरते नव्हते. ज्या विषयासाठी पैसा मिळाला त्या विषयाच्याही पलीकडे माणसाकडे जाणे, हे त्यांचे अवघड स्वातंत्र्य होते आणि ते त्यांना प्रत्येक वेळी नव्याने मिळवावे लागले. काही वेळा ते हुकले. ‘वास्तुपुरुष’, ‘अस्तु’ आणि ‘कासव’ यांत ते पूर्णपणे साधले.

या प्रवासाची किंमतही लक्षात घ्यावयास हवी. राष्ट्रीय सन्मान मिळालेल्या या कृती सामान्य प्रेक्षकांपर्यंत उशिरा आणि थोड्या प्रमाणात पोहोचल्या. ‘अस्तु’ला चित्रपटगृहात येण्यास सुमारे तीन वर्षे लागली, ‘कासव’ पुरस्कारानंतर, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. ज्या स्त्रियांपर्यंत अहवाल पोहोचत नाही म्हणून भावे चित्रपटाकडे वळल्या, त्यांच्यापर्यंत चित्रपटही सहजी पोहोचला नाही, ही या कारकिर्दीतील वेदना आहे. ती दूर करण्याचे सामर्थ्य समीक्षेत नाही, परंतु महाविद्यालयांत ते काही अंशी आहे. अभ्यासक्रमातील एखाद्या तासाला हे चित्रपट लावावेत, नंतर दिवे लावून विद्यार्थ्यांना बोलू द्यावे आणि आपण प्राध्यापकांनी, निदान त्या एका तासापुरते, प्रश्न विचारण्याची घाई करू नये.